आधी जागा, मग लेन्स

मैफलीचे फोटो काढायला कुठली लेन्स घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, बसणार कुठे? विचारणाऱ्याला ही टाळाटाळ वाटते. त्याला आकडा हवा असतो: पन्नास, पंच्याऐंशी, सत्तर-दोनशे. पण सदाशिव पेठेतल्या घरगुती बैठकीत गायकापासून चार हातांवर मांडी घालून बसणाऱ्याला जी लेन्स पुरते, ती सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाच्या मंडपात फारशी कामाला येत नाही. आणि मंडपात लागणारी दीड किलोची लेन्स बैठकीत बाहेर काढली, तर श्रोते गाणं सोडून तुमच्याकडे बघत बसतात.

मैफलीत उजेड कमी असतो, कलाकार हलत असतो आणि फ्लॅश चालत नाही. चालूही नये. डोळे मिटून आलापी करणाऱ्याच्या तोंडावर फ्लॅश मारणं हा निव्वळ असभ्यपणा आहे. मग भार येतो लेन्सवर. जिचं अ‍ॅपर्चर एफ/२.८ किंवा त्याहून मोठं उघडतं तिला फास्ट लेन्स म्हणतात. इथे आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. एफ/५.६ वरून एफ/४, तिथून एफ/२.८, मग एफ/२, मग एफ/१.४ अशा पायऱ्या आहेत आणि दर पायरीला आत येणारा प्रकाश दुप्पट होतो. फोटोग्राफर या पायरीला स्टॉप म्हणतात. कॅमेऱ्याच्या खोक्यात मिळालेली १८-५५ लेन्स ५५ वर नेली की एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. एफ/१.८ ची साधी लेन्स तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश घेते. सगळा खेळ या फरकाचा आहे.

खालची कृती लेन्स विकत किंवा भाड्याने घेण्याच्या आधी करायची आहे. सामान घरचंच लागतं: हातात असलेला कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली झूम लेन्स आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर.

१. जागा पाहून या

आधी आयोजकांना गाठा. फोटो काढू देणार का, कुठून, किती वेळ, उभं राहता येईल का, मधे उठून जागा बदलता येईल का, हे सगळं विचारून घ्या. मोठ्या महोत्सवांत छायाचित्रकारांना पास लागतो आणि त्यांची जागा नेमून दिलेली असते. परदेशी बँडच्या मोठ्या कार्यक्रमांत पहिली तीन गाणी, फ्लॅशशिवाय, आणि मग बाहेर, असा जगभरचा रिवाज आहे. ती तीन गाणी म्हणजे दहा-पंधरा मिनिटं. तेवढ्यात लेन्स बदलत बसलात तर एक गाणं गेलंच म्हणून समजा.

मग शक्य असेल तर कार्यक्रमाच्या आधी, ध्वनिचाचणीच्या वेळी, सभागृहात जा आणि अंतर मोजा. टेप लागत नाही. मोठं पाऊल साधारण पाऊण मीटरचं धरा आणि चालत जा. मात्र मोजायचं ते रंगमंचाच्या कडेपर्यंत नाही, कलाकार जिथे बसणार तिथपर्यंत. कडेपासून बैठक सहज दोन-तीन मीटर मागे असते आणि लेन्सचा हिशेब तिथेच चुकतो.

पहिल्या रांगेची हावही धरू नका. रंगमंच उंच असेल आणि तुम्ही अगदी खाली बसलात तर गायकाची हनुवटी, नाकपुड्या आणि समोरचे मॉनिटर स्पीकर एवढंच मिळतं. पेटीवाल्याची बोटं तर पेटीमागेच लपतात. चार रांगा मागे सरकून थोडं उंचावर गेलात तर लेन्सची लांबी जास्त लागेल, पण फोटो माणसाचा येईल.

कोनही आत्ताच बघून ठेवा. गायकाच्या तोंडासमोर माइक असतो. नेमकं समोरून काढलं तर अर्धा चेहरा माइकच्या जाळीमागे जातो, शिवाय ऑटोफोकस त्या जाळीलाच धरून बसतो. तीस-चाळीस अंश बाजूला सरकलं की तोंड मोकळं होतं. सतारियाची मान बहुतेक वेळ त्याच्या डाव्या हाताकडे, म्हणजे पडद्यांकडे वळलेली असते, म्हणून प्रेक्षकांच्या उजव्या अंगाला बसणाऱ्याला चेहरा मिळतो. बासरीचं टोक ज्या बाजूला असतं त्या बाजूने काढलं की बासरी थेट लेन्सवर रोखल्यासारखी येते आणि टोक धूसर होतं. कलाकार बासरी कुठल्या बाजूला धरतो हे आधी माहीत हवं. हरिप्रसाद चौरसिया ती डावीकडे धरतात, बहुतेक बासरीवादक उजवीकडे.

२. चौकट ठरवा, लांबी काढा

आता सोपं गणित. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर लांब असतो. कलाकारापर्यंतचं अंतर मीटरमध्ये घ्या, त्याला ३६ ने गुणा आणि चौकटीच्या लांब बाजूत जेवढे मीटर दिसायला हवेत त्याने भागा. येईल ती लेन्सची लांबी, मिलिमीटरमध्ये. कॅमेरा क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरचा असेल तर ३६ ऐवजी २४ घ्या, कॅननच्या क्रॉप कॅमेऱ्याला २२.

मांडी घालून बसलेला गायक, वर हात जायला थोडी मोकळी जागा ठेवून, उभ्या चौकटीत साधारण १.२ मीटरमध्ये मावतो. तो चार मीटरवर असेल तर ४ गुणिले ३६ भागिले १.२, म्हणजे १२० मिलिमीटर. क्रॉप कॅमेऱ्यावर ८०. सहा मीटरवर १८० आणि १२०. बारा मीटरवर थेट ३६० आणि २४०. हा शेवटचा आकडा बघितला की कळतं, मंडपात मागे बसणाऱ्याला पंच्याऐंशीची लेन्स का पुरत नाही. आणि हेही कळतं की लांबून काढायचं असेल तर क्रॉप सेन्सरचा जुना कॅमेरा विकून टाकायची घाई करू नये. त्याच्यावर ७०-२०० लावली की ती १०५-३०० सारखी चालते.

सगळी मांडणी एका चौकटीत हवी असेल, म्हणजे मागे दोन तानपुरे, एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी, तर पाच मीटर रुंदी धरा. सहा मीटरवरून ४३ येतं. तेव्हा ३५ ची लेन्स घ्या, कडेला थोडी जागा उरू द्या.

गणिताचा कंटाळा असेल तर दुसरा मार्ग आहे. मागच्या एक-दोन कार्यक्रमांत झूम लेन्सने काढलेले फोटो संगणकावर उघडा आणि तुम्हाला आवडलेल्या फोटोंची लांबी बघा. प्रत्येक फोटोच्या माहितीत ती नोंदलेली असते. निम्मे चांगले फोटो एकाच लांबीच्या आसपास सापडले तर तुमची प्राइम, म्हणजे एकाच लांबीची, लेन्स तीच.

३. शटर किती लागेल?

हे गाण्यावर अवलंबून आहे, कॅमेऱ्यावर नाही. विलंबित ख्यालातल्या आलापीत गायक जवळजवळ स्थिर असतो, तिथे १/८० सेकंद चालतं. तानांना सुरुवात झाली, हात वर जाऊ लागले की १/१६०. सतारीचा झाला, सरोद, संतूरच्या कलमा यांना १/२५० तरी हवं. तबल्यावर द्रुत लयीत १/५०० लाही बोटं थोडी पुसट येतात आणि माझ्या मते ती तशी यावीत. दगडासारखी थिजलेली बोटं बघून वाजतंय असं वाटतच नाही. चेहरा मात्र धारदार हवा.

लावणीत गिरकी थांबवायची तर १/५००. पदर आणि घुंगरांचे पाय वाहते दाखवायचे असतील तर मुद्दाम १/६० वर उतरा आणि बऱ्याच फोटोंवर पाणी सोडायची तयारी ठेवा. रॉक बँडचा गिटारवाला उडी मारणार हे गृहीत धरून १/५०० ची सोय हवी.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. लेन्समध्ये किंवा कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशन असलं की कमी उजेडातही भागतं, असं दुकानात सांगतात. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर थांबवतं. तबलजीचा हात थांबवत नाही. एफ/४ ची स्टॅबिलायझेशनवाली लेन्स आणि एफ/२.८ ची साधी, यांतून निवडायचं असेल तर मैफलीसाठी दुसरी.

४. उजेड मोजा

ध्वनिचाचणीला दिवे कार्यक्रमासारखे लावलेले असतील तर काम सोपं. नुसते साफसफाईचे दिवे चालू असतील तर त्या मोजमापाला अर्थ नाही, प्रकाशयोजना करणाऱ्याला गाठून दोन मिनिटं खरे दिवे लावायला सांगा. बहुतेक जण ऐकतात.

हातातली झूम लेन्स पुढे नेऊन एफ/५.६ वर ठेवा, आयएसओ ३२००, मीटरिंग स्पॉटवर. सगळ्या रंगमंचाचं सरासरी मोजमाप घेऊ नका. मागचा पडदा काळा असला की कॅमेरा फसतो आणि चेहरा पांढराफटक करून टाकतो. बैठकीवर कुणाला तरी बसवून त्याच्या चेहऱ्यावर मोजा.

समजा कॅमेऱ्याने १/३० सांगितलं. गायनाला तुम्हाला १/१२५ हवं आहे. १/३० वरून १/६०, मग १/१२५, म्हणजे दोन स्टॉप. एफ/५.६ पासून दोन स्टॉप म्हणजे एफ/२.८. तुम्हाला एफ/२.८ ची लेन्स लागणार. तबल्यासाठी १/२५० हवं असेल तर अजून एक स्टॉप: एकतर एफ/२ ची लेन्स, नाहीतर एफ/२.८ आणि आयएसओ ६४००.

आयएसओ दुप्पट करणं म्हणजे फुकटात मिळालेला एक स्टॉप, हे लक्षात ठेवा. गेल्या सात-आठ वर्षांतल्या फुल फ्रेम कॅमेऱ्यांवर ६४०० ला येणारे दाणे छापील मासिकातही खुपत नाहीत. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. म्हणून आधी आयएसओ वाढवून बघा. त्याने भागत नसेल तेवढ्याच स्टॉपसाठी लेन्सवर पैसे घाला.

दिवाळी पहाटेचा कार्यक्रम या हिशेबात बसत नाही. सुरुवातीला अंधार, समोर रंगीत दिवे आणि पणत्या. शेवटच्या भैरवीला ऊन अंगावर आलेलं. तिथे पहिल्या तासापुरती एफ/१.८ ची लेन्स लागते, पुढे कुठलीही चालते. म्हणून नव्याने हात बसवणाऱ्याला मी तिथूनच सुरुवात करायला सांगतो.

५. एवढं उघडून फोकस पुरेल का?

अ‍ॅपर्चर मोठं उघडण्याची किंमत खोलीत मोजावी लागते. चेहऱ्याच्या पुढे-मागे किती अंतर स्पष्ट दिसेल, ही ती खोली. फुल फ्रेमवर ८५ ची लेन्स एफ/१.८ ला उघडून तीन मीटरवर फोकस केला तर जेमतेम तेरा-चौदा सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. गायकाने समेवर हात पुढे फेकला तर डोळे धारदार आणि तळवा पुसट. हे काही वेळा फार सुंदर दिसतं. दरवेळी दिसत नाही. पाच मीटरवर तीच लेन्स सदतीस सेंटिमीटर देते, ते बऱ्याच कामाला पुरतं. ५० ची लेन्स तीन मीटरवर जवळपास तेवढंच देते. दहा मीटरवर २०० ची लेन्स एफ/२.८ ला चाळीस सेंटिमीटरच्या आसपास.

याचा व्यवहारातला अर्थ असा की जितकं जवळ बसाल तितकं पूर्ण उघडलेलं अ‍ॅपर्चर वापरणं अवघड. बैठकीत तीन मीटरवर बसलात तर एफ/१.८ ची लेन्स हाताशी असूनही बरेच फोटो एफ/२.८ ला काढाल. आणि गायक व तबलजी दोघांचे चेहरे एकाच फोटोत स्पष्ट हवे असतील, तर कुठलीच फास्ट लेन्स ते उघड्या अ‍ॅपर्चरला करणार नाही. दोघं तुमच्यापासून सारख्या अंतरावर येतील अशी जागा शोधा, नाहीतर एकाला धूसर राहू द्या.

६. प्राइम की झूम

घरगुती बैठक, छोटं सभागृह, अंतर तीन ते सहा मीटर: इथे प्राइम. माझी शिफारस ८५ एफ/१.८ आणि जोडीला ३५ किंवा ५० एफ/१.८. कॅमेरा क्रॉप असेल तर ५० हीच तुमची ८५ होते आणि पैसे वाचतात. कॅननची ५० एफ/१.८ तर त्यांच्या सर्वांत स्वस्त लेन्सपैकी आहे. आरएफ माउंटवाली १६० ग्रॅमची आहे, कुर्त्याच्या खिशात मावते. निकॉनच्या जुन्या क्रॉप डीएसएलआरवर ३५ एफ/१.८ डीएक्स रंगमंचाच्या विस्तृत फोटोला उत्तम. अशा छोट्या लेन्सचा आणखी एक फायदा गुण-तक्त्यात नसतो. समोरच्या कलाकाराला त्या दिसत नाहीत. हातभर लांब नळकांडं रोखल्यावर भलाभला गायकही थोडा सावध होतो.

नाट्यगृह, म्हणजे बालगंधर्व रंगमंदिर, गडकरी रंगायतन किंवा गावोगावची त्यांच्यासारखी सभागृहं. इथे दोन्ही चालतं. सुगम संगीत, नाट्यसंगीत किंवा वाद्यवृंद असेल तर गायक उभे असतात, फिरतात, जोडीने गातात. तिथे ७०-२०० एफ/२.८ सोयीची, कारण तुमची खुर्ची ठरलेली असते आणि पायांनी झूम करता येत नाही. शास्त्रीय गायन असेल आणि पैसे मर्यादित असतील तर ८५ एफ/१.८ किंवा १३५ एफ/२ घ्या. कॅननची जुनी १३५ एफ/२ एल १९९६ पासूनची आहे, वापरलेली मिळते, आणि आजही तिच्या फोटोंना नावं ठेवायला जागा नाही.

सवाईसारखा महोत्सव ही वेगळीच गोष्ट. १९५३ साली भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ तो सुरू केला. अनेक वर्षं रमणबाग शाळेच्या पटांगणात झाला, २०१८ पासून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात होतो. प्रचंड मंडप, हजारोंचा श्रोतृवर्ग, लांबवरचा मंच. दुपारच्या सत्रात दिवसाचा उजेड आत झिरपतो, रात्री सगळा भार दिव्यांवर. इथे ७०-२०० एफ/२.८ ला पर्याय नाही. प्राइमचा हट्ट धरणारे इथे अर्ध्या वेळी रिकाम्या गालिच्याचे फोटो घेऊन येतात. वजनाचा विचार मात्र करा. डीएसएलआरच्या जमान्यातली कॅनन ७०-२०० जवळपास दीड किलोची आहे. सोनीची दुसऱ्या पिढीची जीएम साधारण एक किलोची. टॅमरॉनची सोनी माउंटसाठीची ७०-१८० एफ/२.८ फक्त ८१० ग्रॅम, आणि वीस मिलिमीटर कमी पडल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. चार-पाच तास बसून काढायचं असेल तर रात्री नऊनंतर हाच फरक मनगटाला कळतो.

पब, कॉलेजचं गॅदरिंग, खुल्या मैदानातला बँड: जवळून काढायचं असेल तर २४-७० एफ/२.८ किंवा टॅमरॉनची २८-७५ एफ/२.८. अंधार फारच असेल तर ३५ एफ/१.४. क्रॉप कॅमेरावाल्यांसाठी सिग्माने २०१३ मध्ये १८-३५ एफ/१.८ काढली. झूम असूनही एफ/१.८, वजन बरंच. तिच्यावर अनेकांचं प्रेम आहे, माझंही.

७०-३०० एफ/४.५-५.६ छापाची लेन्स कुणी स्वस्तात देऊ केली तर नम्रपणे नको म्हणा. ३०० चा आकडा भुरळ घालतो, पण पुढे नेल्यावर ती एफ/५.६ वर येते. पक्ष्यांसाठी दिवसा चांगली, मैफलीसाठी नाही.

७. लेन्स तुमच्या कॅमेऱ्यावर नीट चालते का

निकॉनवाल्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. जुन्या एएफ-डी लेन्स स्वस्त आणि चांगल्या, पण त्यांच्यात मोटर नाही, फोकस कॅमेऱ्याच्या मोटरवर चालतो. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत ती मोटरच नाही. एफटीझेड अ‍ॅडॉप्टर लावून झेड कॅमेऱ्यावर बसवलं तरी त्यांना ऑटोफोकस मिळत नाही. अंधारात हाताने फोकस करत तबलजी टिपायचा असेल तर गोष्ट वेगळी.

आवाज ऐका. कॅननची जुनी ५० एफ/१.८ टू फोकस करताना घरघर करते. रॉकमध्ये कुणाला पत्ता लागणार नाही. यमनच्या पहिल्या षड्जाला मात्र तीन रांगांना ऐकू जाते. २०१५ नंतरची एसटीएम आवृत्ती बरीच शांत आहे.

हूड घ्याच. रंगमंचावरचे दिवे थेट लेन्समध्ये शिरतात आणि चित्र दुधाळ होतं. लेन्सच्या संरक्षणासाठी म्हणून लावलेला स्वस्त यूव्ही फिल्टर मैफलीत काढून ठेवा, त्याच्यामुळे दिव्यांच्या हिरवट भुतांसारख्या प्रतिमा फोटोत तरंगतात.

८. भाड्याने आणा, मगच विकत घ्या

पुण्या-मुंबईत लेन्स भाड्याने देणारे बरेच आहेत. ओळखपत्र आणि अनामत लागते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी उचला, आयत्या वेळी नको. घरी एक संध्याकाळ तिच्यासोबत घालवा. घरातल्या एखाद्याला पिवळ्या दिव्याखाली बसवून बोलतं ठेवा आणि पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला फोटो काढा. दहापैकी किती फोटोंत डोळे स्पष्ट आले, ते बघा. डिसेंबरात लग्नसराई आणि संगीत महोत्सव एकाच वेळी येतात, त्यामुळे ७०-२०० लवकर संपतात. महिनाभर आधी सांगून ठेवा.

वापरलेली विकत घ्यायची असेल तर टॉर्च घेऊन जा. मागून उजेड टाकून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः मुंबई आणि कोकणात, कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती हमखास लागते. असली लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल नको. मग टेबलावर वर्तमानपत्र तिरकं ठेवून एका ओळीवर फोकस करा. स्पष्ट आलेली ओळ तीच आहे की पुढची-मागची, हे डीएसएलआरवर जरूर तपासा. एफ/१.८ ला अशी चूक डोळ्यांऐवजी कानावर फोकस नेते. पूर्ण उघडल्यावर माइकच्या चकचकीत कडांना जांभळी किनार दिसते का बघा. थोडी असेल तर संगणकावर निघते.

९. प्रत्यक्ष संध्याकाळी

कॅमेरा मॅन्युअलवर, अ‍ॅपर्चर ठरलेलं, शटर ठरलेलं, आयएसओ ऑटो पण वरची मर्यादा घालून. फोटो रॉमध्ये. गडद लाल किंवा निळ्या एलईडीखाली चेहरा एका रंगाने भरून जातो. जेपेगमध्ये तो परत मिळत नाही, रॉमध्ये थोडा मिळतो.

शांत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक, शटर वापरायचा मोह होईल आणि शास्त्रीय मैफलीत तो योग्यही आहे. पण आधी एक फोटो काढून मोठा करून बघा. एलईडी दिवे आणि मागचा एलईडी पडदा यांचे आडवे पट्टे इलेक्ट्रॉनिक शटरला उमटतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि १/१०० किंवा १/५० ला पट्टे बहुधा जातात. एलईडीची लुकलुक वेगळी असते, तिथे मेकॅनिकल शटरवर यावं लागतं. मग खटखट कधी करायची? तिहाई संपून समेवर टाळ्या पडतात तेव्हा. तबल्याच्या जागा ओळखू येणारा फोटोग्राफर श्रोत्यांना त्रास न देता दुप्पट फोटो घेऊन येतो, म्हणून थोडं गाणं ऐकायची सवय लावा. मध्यंतरात उठा, ख्यालाच्या मधे उठू नका.

एक प्रश्न नेहमी शेवटी येतो: एफ/१.२ ची घेऊ का? कॅननची ८५ एफ/१.२ आरएफ ही अप्रतिम लेन्स आहे आणि वजन जवळपास बाराशे ग्रॅम. एफ/१.८ पेक्षा ती सव्वा स्टॉपही जास्त देत नाही, तीन मीटरवर तिचा फोकस नऊ सेंटिमीटरवर येतो, आणि किंमत एफ/१.८ च्या कित्येक पट. मैफलीसाठी मी ती घेणार नाही. तेवढा स्टॉप आयएसओ वाढवून मिळतो. उरलेल्या पैशांत ७०-२०० येते.